गुणांची देवडी : ग्वाल्हेरच्या इतिहासातील एक प्रकरण

ग्वाल्हेरचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली स्थापन झाले. संस्थान मध्यभारतात विलीन होण्यास तेव्हा दोनच वर्षे उरली होती. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते त्या महाराणी गजराराजा म्हणजे माधवराव शिंद्यांच्या पत्नी आणि जिवाजीरावांच्या मातोश्री. त्यांचे माहेर गोव्याच्या राणे घराण्यात होते, हे आमच्या कोकणी वाचकांस सांगावयास हवेच असे नाही. मात्र ह्या विद्यामंदिराची देवडी ओलांडण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न पुढे जितका बिकट झाला, तितका तो त्या काळी कोणाच्या मनातही आला नसेल.

पूर्वीची परीक्षा ही मुळात पात्रतेची परीक्षा होती. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. तीत रानडे उत्तीर्ण झाले, आणि मालवणात जन्मलेले भांडारकरही. एकाच्या यशाने दुसऱ्याची जागा हिरावली गेली नाही. उत्तीर्णाला द्वार मोकळे होते. लष्करच्या व्हिक्टोरिया कॉलेजाचेही (आजचे महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय) बव्हंशी तसेच असावे. अटलबिहारी वाजपेयी तेथेच शिकले.

वैद्यकीची गोष्ट निराळी. तेथे जागा मोजक्या आणि इच्छुक अपार. शिवाय एका बोर्डाचे साठ गुण आणि दुसऱ्याचे साठ गुण ह्यांचे वजन एकच असते, असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. सर्वांस एकच प्रश्नपत्रिका आणि एकच माप, हा त्यावरचा उपाय. मध्यप्रदेशाने १९७० साली वैद्यकीय पूर्वपरीक्षेचे मंडळ नेमले. अभियांत्रिकीचे मंडळ १९८१ चे. पुढल्याच वर्षी दोन्ही मिळून व्यावसायिक परीक्षा मंडळ, लोकांच्या तोंडचे ‘व्यापमं’, अस्तित्वात आले.

विचार न्याय्य होता, ह्यात आम्हांस शंका नाही. लष्करातल्या एखाद्या कारकुनाचा मुलगा आणि भोपाळच्या अधिकाऱ्याचा मुलगा एकाच मापाने मोजले जावेत, ह्याहून समतेचे तत्त्व ते कोणते? परंतु ह्या परीक्षेने गुणांचा अर्थच पालटला. आता ‘किती मिळाले’ ह्यापेक्षा ‘कितव्या क्रमांकावर’ हे महत्त्वाचे ठरले. गुणानुक्रमात जेथे विद्यार्थ्यांची दाटी असते तेथे एका गुणाने शेकडो क्रमांक खाली-वर होतात. आणि एका क्रमांकाने महाविद्यालय लाभते किंवा वर्ष वाया जाते. दोन-तीन तासांच्या कागदावर अवघे आयुष्य तोलले जाऊ लागले, की त्या कागदाची किंमत बाजारात ठरते.

तशी ती ठरलीही. जुलै २०१३ मध्ये इंदूरच्या पोलिसांनी दुसऱ्याच्या नावाने परीक्षेस बसलेले तोतये पकडले आणि धागा उकलत गेला. हुशार विद्यार्थ्याच्या मागे पैसे देणारा उमेदवार बसवावयाचा, ह्या युक्तीस ‘इंजिन-बोगी’ असे नाव पडले होते. उत्तरपत्रिकेची वर्तुळे कोरी सोडून मागाहून भरून घेण्याचीही सोय होती. यंत्राने तपासलेली उत्तरपत्रिका पक्षपात करीत नाही हे खरे. पण ती यंत्रापर्यंत कोणाच्या हातून जाते, हे यंत्रास ठाऊक नसते. संशयितांत ग्वाल्हेरच्या ह्याच महाविद्यालयातील विद्यार्थी निघाले. त्याचबरोबर हा व्यवहार उघडकीस आणण्यासाठी जे झटले, त्यांतही ग्वाल्हेरकर होते, ह्याचा उल्लेख न केल्यास त्या नगरीवर अन्याय होईल. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

२०१६ पासून वैद्यकीय प्रवेशाचे माप ‘नीट’ ह्या अखिल भारतीय परीक्षेच्या हाती गेले. कमाल गुण ७२०. बरोबर उत्तरास चार गुण, चुकलेल्यास एक वजा. शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा देशभरच्या यादीतून आणि उरलेल्या राज्याच्या यादीतून भरल्या जातात. माप मोठे झाले. पण २०२४ साली त्याच परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेच.

१३ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच न्यायालयाने २००८ ते २०१२ ह्या वर्षांतील ६३४ विद्यार्थ्यांचे मध्यप्रदेशातील प्रवेश रद्द ठरविले. वर्षानुवर्षे केलेला अभ्यास फुकट जाईल, हा विद्यार्थ्यांच्या बाजूचा युक्तिवाद मान्य झाला नाही. ज्यांनी प्रामाणिकपणे पेपर लिहिला आणि थोडक्या गुणांनी ज्यांची जागा हुकली, ती २००८ ची मुले एव्हाना सव्वीस-सत्तावीस वर्षांची झाली होती. निकालाच्या दिवशी त्यांच्याही घरी देवापुढे नारळ ठेवलेला असेल.