रेडिओच्या घरची दिवाळी

आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर एक लहानसे रेडिओ केंद्र आहे. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात तिथून मला बोलावणे आले. दिवाळीच्या कार्यक्रमांची आणि जाहिरातींची आखणी करायची होती. 'सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तेव्हा आमच्यासाठीही चार वाक्ये लिहा,' असा एकंदर सूर. शाळामास्तराला श्रावणात कोणी बोलावले की तो सत्यनारायणाच्या प्रसादाच्या आशेने जातो. मी गेलो तो टेबलावर एक भला मोठा तक्ता पसरलेला. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचा एकेक दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटींत चिरलेला, आणि चौकटींतून कापडवाले, सराफ, भांडीवाले, तयार फराळ विकणारे यांची नावे पेन्सिलीने मांडलेली. यांतली सर्वांत महाग चौकट कोणती असेल, वाचकहो? नरकचतुर्दशीची पहाट, पाच ते सहा! 'त्या वेळी सारे घर जागे असते, आणि हात तेलाचे असल्यामुळे रेडिओ बंद करायला कोणी उठत नाही,' असे व्यवस्थापकांनी मोठ्या समाधानाने सांगितले.

परतीच्या एस.टी.त मी याच विचारात होतो. सणाची पहाट विकायला काढावी, ही बुद्धी रेडिओला केव्हा झाली? शाळेत मी इतिहास शिकवतो. तेव्हा प्रश्न पडला की सनावळी शोधल्याशिवाय चैन पडत नाही. पण या खेपेस सनावळीच्या शेजारी पंचांगही मांडून बसलो, आणि मग मोठी गंमत दिसू लागली.

मुंबईचे पहिले नियमित केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी संस्था त्याची मालक. दिवस आषाढातला, म्हणजे चातुर्मास लागलेला. नवे कार्य आरंभू नये असे आजी म्हणते ते हेच दिवस. कंपनीचा मुख्य आधार काय, तर श्रोत्याने परवान्यापोटी भरायचे वर्षाचे दहा रुपये, त्यांतला वाटा. आणि परवाने तर सबंध देशात आठ हजारांपर्यंतही पोचले नाहीत. १ मार्च १९३० रोजी कंपनी गुंडाळली गेली. दिवाळीच्या आधी दिवाळेच निघाले! मग सरकारने कारभार हाती घेतला, आणि ८ जून १९३६ पासून त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. आता दुकानदाराच्या दारी जाण्याची गरज उरली नाही. कार्यक्रम आखणाऱ्याने फक्त श्रोता पाहायचा आणि पंचांग पाहायचे.

पंचांग पाहून केलेल्या आखणीचे आपल्याकडचे सर्वांत देखणे उदाहरण पुण्याचे. ते केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले, आणि दीड वर्षातच तिथल्या सीताकांत लाडांनी ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांना हाताशी धरून 'गीतरामायण' उभे केले. पहिले गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला. तो दिवस शुक्रवार. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत, शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. म्हणजे ज्याची शुक्रवारी कामावर जाण्याची घाई, त्यालाही रविवारी राम भेटे. मूळ बेत वर्षाच्या बावन्न आठवड्यांचा, बावन्न गीतांचा. पण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला आणि पुढची रामनवमी लांबली. आता एखादा हिशेबी अधिकारी म्हणाला असता, 'बावन्न झाली, संपवा.' इथे गीतांची संख्या छप्पन्न करण्यात आली आणि मालिका १९ एप्रिल १९५६ ला, रामनवमीलाच पुरी झाली. तुम्ही बोटांवर मोजून पाहा: पंचावन्न शुक्रवार, आणि शेवटचा तो एक गुरुवार. अधिक महिना हा मराठी कवीच्या पथ्यावर पडल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आणि यात विकायला काहीही नव्हते! तरी घरोघरची न्याहारी त्या वेळेभोवती फिरू लागली.

मात्र त्याच काळात दुसरीकडे निराळेच चालले होते. १९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरची चित्रपटगीते आटली. केसकरांचा शास्त्रीय संगीताचा आग्रह प्रामाणिक होता याबद्दल मला शंका नाही. पण लाडू नको म्हणणाऱ्या घरातली मुले शेजारी जाऊन लाडू खातात, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. शेजारी होता रेडिओ सिलोन. तिथे जाहिरातींना दार उघडे होते. डिसेंबर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दंतमंजनवाल्यांच्या पैशावर अमीन सयानी मुंबईत बोलत, ध्वनिफिती कोलंबोला जात आणि तिथून तो आवाज लघुलहरींवर परत आपल्या स्वयंपाकघरात येई! पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे गाण्यांना लोकप्रियतेच्या पायऱ्या मिळाल्या, आणि वर्षअखेरीस सबंध वर्षाचा निकाल. एरवी डिसेंबरचा शेवट हा आपला सण नव्हे. गीतमालेने तो घरोघर सण करून टाकला. पंचांगात नसलेला सण पदरच्या पैशाने निर्माण करणे, ही जाहिरातदाराची खरी करामत.

दिल्लीला जाग आली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. त्या दिवशी विविध भारती सुरू झाली. मी पंचांग काढले, तो दसरा! सीमोल्लंघन करायला दिवस मोठा नेमका. पुढे चंदा समितीने १९६६ साली जाहिराती घेण्याची शिफारस केली, आणि विविध भारतीवर त्या प्रथम सुरू झाल्या त्या आपल्याकडेच: मुंबई, पुणे आणि नागपूर. तारीख १ नोव्हेंबर १९६७. पुन्हा पंचांग पाहिले, आणि खरे सांगतो, क्षणभर हसूच आले. त्या दिवशी पहाटे नरकचतुर्दशी आणि संध्याकाळी अमावास्या, म्हणजे लक्ष्मीपूजन! त्यातही वार बुधवार. रात्री आठाला कोलंबोहून गीतमाला लागायची तोच वार. नभोवाणीच्या घरी लक्ष्मी पाऊल टाकून आत आली ती बरोबर लक्ष्मीपूजनाला, आणि शेजारच्या घरी तर ती पंधरा वर्षे आधीच नांदत होती.

जाहिरात आली म्हणून रेडिओ बाटला, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आमच्या घरचा रेडिओ कातडी कव्हरात असे. आणि त्यावरच्या साबणांच्या नि मलमांच्या ओळी मला पाढ्यांआधी पाठ झाल्या. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे आई तेल चोळत असताना सनई लागे, मग कीर्तन, आणि त्या वेळात कोणी काही विकत नसे. ते मौन कोणी ठरवले होते, त्याचे नाव कुठल्या तक्त्यात नसेल. आखणी म्हणजे कुठे काय घालायचे एवढेच नव्हे. कुठे काही घालायचे नाही, हेही कोणी तरी बसून ठरवावे लागते.

पुढच्या बैठकीत मी हेच बोललो. जाहिराती कीर्तनाआधी घ्या, नंतर घ्या, हव्या तर दर वाढवा. मध्ये घालू नका. व्यवस्थापकांनी मान डोलावली. बिचाऱ्यांचेही खोटे नव्हते. पगार त्यांना त्याच महिन्याच्या कमाईतून वर्षभर पुरवायचे होते. मी एका कापडदुकानासाठी चार वाक्ये लिहून दिली. त्यांतले एक 'बहिणीला विचारून मग भावाने यावे' असे होते, आणि ते मला स्वतःला बरेच आवडले होते.

नरकचतुर्दशी उजाडली. मी पाटावर, पाठीला तेल, खिडकीत रेडिओ. बुवा रंगात आलेले. गरुडावर श्रीकृष्ण, शेजारी सत्यभामा, तिने धनुष्य ओढले, आणि कापडदुकान! माझीच चार वाक्ये. त्यामागून सराफ, मग भांडी, मग शेव-चिवडा. नरकासुर साडेपाचला मरायचा तो पावणेसहाला मेला. आमच्या धाकटीने चिरांटे पायाखाली धरून ठेवले होते. 'बाबा, आता फोडू का?' असे ती तीनदा विचारून गेली.

दुपारी कापडदुकानदारांचा फोन आला. मला वाटले, जाहिरात आवडली. ते म्हणाले, 'गुरुजी, सकाळपासून चार म्हाताऱ्या दुकानात येऊन मला बोलून गेल्या. पुढच्या वर्षी माझे पैसे तेवढेच घ्या म्हणावे, पण मला कीर्तन संपल्यावर वाजवा.'