न उघडणारी फाईल

चित्रपट बिघडतो म्हणजे नेमके काय होते? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा बदलत गेले आहे आणि आपल्या मुंबईने ते फार जवळून पाहिले आहे.

पहिले उत्तर होते आग. मूकपटांच्या काळापासून साधारण १९५० पर्यंत फिल्मची पट्टी नायट्रेटची असे. एकदा पेटली की ती पाण्याखालीही जळत राहते, कारण लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते. पेटली नाही तर वर्षानुवर्षांत चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. १९३४ साली मालाडला हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली. तिथले सुरुवातीचे चित्रपट त्याच काळातले. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर आज कुठेच पाहायला मिळत नाही. जुन्या रिळांमधली चांदी काढून विकण्याचा तेव्हा एक धंदाच होता. कलेपेक्षा चांदीचा भाव अधिक, याला काय म्हणावे? ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली. पुष्कळ चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून निभावले. मूळ रिळे मात्र गेली ती गेलीच.

नायट्रेटनंतर आलेली फिल्म सहसा पेट घेत नव्हती. ती आंबत होती. डबा उघडला की शिरक्याचा वास येई आणि जाणकार कपाळाला हात लावत. मुंबईची दमट हवा या दुखण्याला अगदी पोषक. तरीही फिल्मचा एक मोठा गुण होता. चरा ज्या फ्रेमवर पडला, त्या फ्रेमपुरताच राही. के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ अंधेरीच्या मोहन स्टुडिओत घडला आणि १९६० साली प्रदर्शित झाला. २००४ मध्ये त्याची रंगीत आवृत्ती निघाली, तेव्हा रंग भरण्याआधी चित्रे साफ करावी लागली. सेकंदाला २४ फ्रेम्स आणि लांबी १९७ मिनिटे, म्हणजे मूळ चित्रपटात जवळजवळ पावणेतीन लाखांहून अधिक फ्रेम्स झाल्या. काम अफाट, पण करता येण्याजोगे. डाग पडला म्हणून मधुबाला नाहीशी होत नाही.

मधली काही वर्षे टेपची. बीटाकॅम, मग मिनी डीव्ही. पावसाळ्यात कॅसेटला बुरशी येई, पडद्यावर चौकोनी ठिपके नाचत, पण पुढे चित्र पुन्हा स्थिरावे. बोरिवली-मुलुंडच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी अशा किती ‘वरमाला’ सांभाळून घेतल्या असतील! मार्च २०११ मध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला. सेंदाई इथला सोनीचा कारखाना बंद पडला आणि उंची टेपचा जगभर तुटवडा झाला. आधीच सुरू झालेली फाईलकडची वाटचाल त्यानंतर आणखी वेगाने झाली.

फाईलचे दुखणे निराळेच. तिला वास नाही, डाग नाही. काल उघडली, आज उघडत नाही, एवढेच. याचे मूळ १९९१ साली आलेल्या क्विकटाईममध्ये आहे. आजची एमपी-फोर फाईल त्याच घराण्यातली. तिच्यात दोन गोष्टी असतात: चित्र-आवाजाचा प्रचंड साठा आणि त्याची अनुक्रमणिका. कुठली फ्रेम कुठे आहे, आवाज कुठे जोडायचा, हे सगळे अनुक्रमणिकेत लिहिलेले असते. बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहितात. त्याआधी वीज गेली की साठा शाबूत आणि सॉफ्टवेअर मात्र म्हणते, यात काहीच नाही.

घाटकोपरच्या एका कविसंमेलनात नेमके हेच घडले. कॅमेरा थेट विजेवर चालत होता. एक वयोवृद्ध कवी शेवटची गझल म्हणत असताना दिवे गेले. चार महिन्यांनी ते कवी अल्लाला प्यारे झाले आणि मग सगळ्यांना त्या फाईलची आठवण झाली. अकरा जीबीची फाईल, लांबी शून्य मिनिटे. मुलुंडच्या एका तरुण एडिटरकडे मी कार्ड घेऊन गेलो. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘काका, यावर नंतर काही शूट केलंय का?’’ केले नव्हते. ‘‘मग देव पावला,’’ तो म्हणाला.

आधी त्याने कार्डाची प्रत काढली आणि मूळ कार्ड बाजूला ठेवले. मग त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली एक धडधाकट फाईल मागितली. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर त्या फाईलच्या अनुक्रमणिकेची घडण पाहून आजारी फाईलची अनुक्रमणिका नव्याने बांधते. शायरीतही उस्तादाच्या जमिनीवर, म्हणजे त्याच वृत्त-काफियात, शागीर्द आपली गझल बांधतो. मला ते तसेच वाटले. चाळीसपैकी अडतीस मिनिटे परत आली. आवाज जरा पुढे सरकला होता, तो त्याने हाताने जुळवला. शेवटची दोन मिनिटे कार्डावर पोहोचलीच नव्हती, म्हणून मक्ता, गझलेचा तो अखेरचा शेर, गेला. तो कुणी टिपून घेतला नव्हता.

बिघाड मोठमोठ्यांनाही चुकत नाही. १९९८ साली अमेरिकेत ‘टॉय स्टोरी २’चे काम एका चुकीच्या आदेशाने संगणकावरून पुसले जाऊ लागले. बॅकअपही नीट निघाला नव्हता. एका बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, तिने चित्रपट तारला. दुसरी प्रत दुसऱ्या घरी हवी, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी तळमजल्यावरच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन प्रती एकदमच भिजतात.

त्या अडतीस मिनिटांच्या आता तीन प्रती आहेत. एक मुलुंडला, एक माझ्याकडे आणि एक रत्नागिरीला, त्या कवींच्या मुलीकडे.