पावाचा तुकडा आणि चहाचा पेला



दादर स्थानकाबाहेर संध्याकाळच्या वेळी बटाटेवड्याच्या गाडीभोवती जी माणसे उभी असतात, त्यांत कोणी कचेरीतला कारकून असतो, कोणी हमाल, कोणी महाविद्यालयात जाणारी मुलगी. कढईतून घाणा निघाला की सगळे हात एकदमच पुढे होतात. वडा कोणी तळला, पाव कोणी भाजला, आपल्या शेजारी उभा राहून खाणारा कोण, कुठला, ही चौकशी तेथे कोणी करीत नाही. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की यात इतिहासाचा काही विषय असेल, असे सहसा मनात येत नाही. परंतु पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या महाराष्ट्रीय गृहस्थाला हे दृश्य दाखविले असते, तर धर्म बुडाला असेच तो म्हणाला असता. तो काळ आणि हा काळ यांच्यामध्ये काय घडले, आणि ते आपोआप घडले की कोणी घडविले, एवढाच प्रश्न मला आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

जुन्या काळी माणसाने जेवायचे ते घरी, नाही तर आपल्या पंगतीत. प्रवासाला निघताना शिदोरी बरोबर घ्यावयाची. ती संपली की मुक्कामाच्या गावी शिधा घेऊन तीन दगडांची चूल मांडावयाची. बाहेरचे अन्न अगदीच वर्ज्य होते असे नव्हे. भडभुंज्याकडचे चणे-कुरमुरे, हलवायाकडची मिठाई चालत असे. कारण कोरड्या, भाजलेल्या किंवा तुपात तळलेल्या पदार्थाला विटाळ कमी, अशी समजूत होती. खरा प्रश्न होता तो पाण्याचा आणि पाण्यात शिजलेल्या अन्नाचा. भात कोणी शिजविला आणि पाणी कोणाच्या हातचे, यावर जात राहात किंवा जात असे. रस्त्यावरचा चणेवाला शतकानुशतके आपल्याकडे होता आणि भाताचे हॉटेल मात्र फार उशिरा आले, याचे एक मोठे कारण हे आहे.

अशा समाजात 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदी मंडळी तिच्यात होती. जातिभेद मोडणे हा सभेचा हेतू. पण तो मानतो असे तोंडाने सांगून भागत नसे. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवावा लागे. पाव हा पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. त्याचे नावसुद्धा त्यांच्याच भाषेतले. पाव खाणे म्हणजे बाटणे, हा त्या वेळचा सर्वमान्य हिशेब होता. म्हणून त्या तुकड्याला प्रतिज्ञेचे मोल आले. मात्र ही प्रतिज्ञा दार लावून व्हावयाची. 1860 साली सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर पडणार असे दिसू लागले, आणि सभा विस्कटली. ही माणसे विद्वान होती, विचाराने स्वच्छ होती. तरीपण पाव खाल्ला असे चारचौघांत सांगण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते. त्यांना हसण्याचे कारण नाही. वाळीत पडणे म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

पुढे तीस वर्षांनी पुण्यात काय घडले, ते पाहा. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना बोलाविण्यात आले आणि व्याख्यानानंतर त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणली आणि गावभर काहूर माजले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते सांगण्यात आली. रानडे यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांच्याच सुधारक मित्रांना ते फार लागले. एका पेल्यापायी एवढ्या थोर माणसांची ही ओढाताण व्हावी, यावरून अन्नाच्या बंधनाची पकड किती घट्ट होती, हे कळून येते.

हे सर्व पुण्यात चालले असता मुंबईत एक निराळीच शक्ती कामाला लागली होती. 1856 साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली, आणि पुढच्या काही दशकांत कोकणातून, घाटावरून हजारो पुरुष एकटेच गिरणगावात आले. बायकापोरे गावी, आणि इथे दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा गडी. यांना जेवू कोण घालणार? या गरजेतून खानावळ जन्माला आली. चाळीतल्याच एखाद्या बाईने चूल मोठी करावयाची, वीस-पंचवीस जणांच्या भाकऱ्या भाजावयाच्या आणि पगाराच्या दिवशी हिशेब करावयाचा, अशी ती रीत. संपाच्या दिवसांत हीच बाई उधारी वाढवीत असे आणि वेळप्रसंगी अंगावरचा डाग गहाण टाकून वाण्याचे देणे भागवीत असे. गिरणी कामगारांच्या लढ्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. त्या लढ्यांना भाकरी पुरविणाऱ्या बाईचे पान त्यांत फारच अपुरे आहे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कुठे या बायकांना बँकेच्या दारात उभे राहावयास मिळाले.

पण खानावळीने जातिभेद मोडला, असे मात्र म्हणता यावयाचे नाही. गाववाल्यांची खानावळ वेगळी आणि जातीची खानावळ वेगळी, असेच बहुधा असे. गिरणीतही तीच कथा. कापड विणण्याच्या खात्यात, ज्याला साचाखाते म्हणत, धोट्यातून सूत ओढून घेण्यासाठी धोटा तोंडाला लावावा लागे. अस्पृश्य कामगाराचे तोंड लागलेला धोटा आपण तोंडाला कसा लावावयाचा, असे म्हणून त्यांना त्या अधिक पगाराच्या खात्यात येऊ दिले जात नसे. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न 1928–29 च्या संपाच्या काळात उघडपणे उपस्थित केला. यंत्र नवे आले, शहर नवे उभे राहिले, आणि उष्ट्याचा विटाळ मात्र गावाहून बरोबर आला. यंत्रयुग येताच जात आपोआप गळून पडेल असे मानणारांनी हा धोटा ध्यानात ठेवावा.

मग बाकडे सर्वांना मोकळे झाले कसे? याला दोन वाटा लागल्या. पहिली इराण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी यज्द आणि केरमान या बाजूंचे झरथुष्ट्री लोक मुंबईत आले आणि त्यांनी नाक्यानाक्यावर चहाची दुकाने थाटली. संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रुन-मस्का आणि घट्ट चहा. धोबीतलावाजवळची कयानी कंपनी 1904 सालची. बेलार्ड इस्टेटमधली ब्रिटानिया 1923 ची. इराणी आपल्या जातिव्यवस्थेच्या बाहेरचा. पंगत कोणाची, हा त्याचा प्रश्नच नव्हता. आणा मोजावा आणि खुर्चीवर बसावे. दुसरी वाट उडपी उपाहारगृहांची, आणि ती नेमकी उलट्या बाजूने आली. आरंभीच्या उडपी हॉटेलांत आचारी ब्राह्मण असे, आणि हीच त्यांची जाहिरात असे. ज्यांना इराण्याकडे जाणे जड वाटे, तेही तेथे निःशंक बसत. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 साली निघाले. एकाने ‘कोण जेवतो’ हा प्रश्न सोडून दिला. दुसऱ्याने ‘कोण रांधतो’ याची हमी दिली. नकळत दोघांनीही अनोळखी माणसांना एका टेबलाशी आणून बसविले.

एवढ्यावर ही कथा संपली असती तर बरे झाले असते. परंतु पैसा मोजला की दार उघडते, हा नियम सर्वांना लागू नव्हता. 1917 साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. त्यांच्या खिशात पैसे होते, पदव्या होत्या. नव्हती ती फक्त जात.

म्हणून मला कोल्हापूरची एक हकीकत फार महत्त्वाची वाटते. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा नोकर होता. स्पृश्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला बेदम मारण्यात आले. महाराजांनी मारणारांना शासन तर केलेच. पण गंगारामाला स्वतंत्र धंदा करावयास सांगून मदत दिली. त्याने चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी तेथे थांबवीत, गंगारामाच्या हातचा चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. पंचहौदात चहा एका दिवसाचा होता आणि पिणारांना पुढे खुलासे करावे लागले. येथे तोच चहा भर रस्त्यावर, पुन्हा पुन्हा, सर्वांदेखत घेतला गेला. पुढे 1933 साली सावरकरांनी रत्नागिरीत अखिल हिंदू उपाहारगृह काढले, त्यामागचा हेतूही हाच होता.

यानंतरचे काम कायद्याचे. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांचा उल्लेख नाव घेऊन केला आहे. 1955 च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाने तर तेथील भांडी वापरू न देणे हादेखील गुन्हा ठरविला. एखाद्या देशाच्या कायद्याला कपबशीपर्यंत उतरावे लागते, याचा अर्थ काय, तो सांगावयास नको. खेड्यातल्या चहाच्या दुकानात खुंटीला वेगळी टांगलेली ती कपबशी तरीही पुष्कळ वर्षे टिकली. बाबा आढाव यांना 1972 साली ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली, ती उगीच नव्हे.

आता पुन्हा दादरच्या गाडीकडे येऊ. वडापावाचा आरंभ 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला, असे सांगतात. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा अनेक कामगारांच्या घरांना अशाच गाड्यांनी हात दिला. त्या गाडीवरचा बटाटा आणि मिरची मुळात अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी आणलेली. आणि पाव तोच, जो 1849 मध्ये दार लावून खावा लागे. त्याच पावाला आज आपण मराठी माणसाचे खाणे म्हणतो. हा पालट चवीमुळे झाला असे कोणी म्हणेल, तर ते मला पटणार नाही. भुकेने वाट काढली, गिऱ्हाइकाच्या आण्याने ती रुंद झाली, आणि जेथे या दोहोंचे चालेना तेथे गंगारामासारख्या माणसांना मार खाऊन ती पुढे न्यावी लागली.

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. खाणारे एका ओळीत आले. खाऊ घालणारा अजून कडेलाच उभा आहे. फेरीवाल्यांचा प्रश्न 1985 साली मुंबईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. रस्त्यावर धंदा करणे हा मूलभूत हक्कांत मोडतो, त्याला वाजवी बंधने तेवढी घालता येतात, हे 1989 साली त्याच न्यायालयाने सांगितले. 2014 साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. तरी पालिकेची गाडी नाक्यावर दिसताच कढई उचलून पळणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. पदपथ चालणाराचाही आहे, हे मला मान्य आहे. तेल, पाणी, स्वच्छता यांचे नियम कडक असावेत, हेही मान्य आहे. परंतु नियम लावणे निराळे आणि माणसाला हुसकणे निराळे. जेथे आपण प्रथम एकमेकांची जात विचारावयाचे सोडले, ती जागा याच माणसांनी आपल्याला दिली. तिचे भाडे त्यांनी कधी मागितले नाही. निदान त्यांना उभे राहावयास जागा असावी, एवढे तरी आपण आपल्या नगरपालिकांना सांगू शकतो.