सक्ती, संमती आणि साथप्रतिबंध : नाशिक जिल्ह्यातील प्लेगच्या साथीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

सार्वजनिक आरोग्याचे धोरण हा विषय सामान्यतः वैद्यकशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. परंतु साथीच्या रोगाचा प्रतिबंध हा शासनसंस्था आणि समाज यांच्यातील संबंधांचाही प्रश्न असतो. कोणता उपाय योजावा हे शास्त्र सांगते. तो उपाय घरोघरी पोहोचतो की नाही, हे मात्र लोकांचा शासनावर किती विश्वास आहे यावर ठरते. १८९६ नंतर मुंबई इलाख्यात पसरलेल्या प्लेगच्या साथीने हा प्रश्न प्रथमच तीव्र स्वरूपात पुढे आणला. प्लेगच्या इतिहासलेखनात मुंबई व पुणे या शहरांना स्वाभाविकपणे मोठे स्थान मिळाले आहे. त्या तुलनेने नाशिक जिल्ह्याची चर्चा कमी झाली. प्रस्तुत लेखात नाशिकच्या संदर्भात या धोरणाचा आढावा घेऊन, सक्तीचे उपाय आणि लोकांनी आपणहून स्वीकारलेले उपाय यांची तुलना केली आहे.

मुंबईहून नाशिककडे

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांत या रोगास 'ग्रंथिक सन्निपात' असे म्हटले जाई. बोलीभाषेत तो 'गाठीचा ताप' होता. रोगाच्या व रोगाहूनही सरकारी उपायांच्या धास्तीने १८९७ च्या प्रारंभी मुंबईतील जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. १८९१ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख २१ हजार असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ७ लाख ७६ हजारांवर आली, यावरून या आघाताची कल्पना येते.

मुंबईहून उत्तरेकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग थळ घाट चढून इगतपुरी, नाशिक व मनमाड असा जातो. गिरणीत काम करणारे, व्यापारी, तीर्थयात्री आणि गावी परतणारी कुटुंबे याच मार्गाने येत होती. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवाही प्रवास करीत होत्या. परंतु हे शास्त्रीय सत्य तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. त्यामुळे प्रशासनाचे सारे लक्ष प्रवाशांवर केंद्रित झाले.

कायद्यामागील आंतरराष्ट्रीय दबाव

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचे, संशयितांना वेगळे ठेवण्याचे आणि आवश्यक वाटतील ते निर्बंध घालण्याचे व्यापक अधिकार दिले. आदेश मोडणाऱ्यास दंडसंहितेनुसार शिक्षा होती. सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांवर मात्र दावा करता येत नव्हता. नागरिकांचे अधिकार कोणते, किंवा सरकारची कर्तव्ये कोणती, याविषयी कायद्यात एकही तरतूद नव्हती.

या घाईचे कारण केवळ स्थानिक नव्हते. मुंबई बंदराचा व्यापार इराणचे आखात, तांबडा समुद्र व युरोप यांच्याशी निगडित होता. हिंदुस्थानातून माल व हज यात्रेकरू यांच्याबरोबर प्लेगही येईल, अशी भीती युरोपीय राष्ट्रांना वाटत होती. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत याच प्रश्नावर चर्चा झाली आणि त्याच फेब्रुवारीत मुंबई व कराची येथून होणारी हज यात्रा थांबविण्यात आली. म्हणजेच इलाख्यातील कठोर उपायांमागे लोकांच्या आरोग्याच्या चिंतेइतकीच व्यापाराची चिंताही होती. लोकांना याची जाणीव नव्हती असे मानण्याचे कारण नाही.

सक्ती आणि प्रतिकार

घरांची झडती, रुग्णास सक्तीने रुग्णालयात नेणे, त्याच्या घरच्यांना विलगीकरण छावणीत ठेवणे, घराची कौले काढून आत ऊन पाडणे, चुना व कार्बॉलिक अॅसिडने निर्जंतुकीकरण आणि सामानाची जाळपोळ हे या धोरणाचे मुख्य घटक होते. पुण्यात हे काम डब्ल्यू. सी. रँड यांच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी केले. त्याची परिणती २२ जून १८९७ च्या हत्येत व लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात झाली, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. एकाच शहरात, एकाच साथीत, दहशतीचे आणि सेवेचे असे दोन मार्ग शेजारी शेजारी दिसून येतात.

नाशिक जिल्हाही या असंतोषातून सुटला नाही. जानेवारी १८९८ मध्ये सिन्नर येथे प्लेगविषयक उपायांविरुद्ध दंगल उसळली. त्यानंतर मार्चमध्ये मुंबईतही मोठा दंगा झाला. सिन्नर हे राजकीय चळवळीचे केंद्र नव्हते. ते व्यापार-विणकामाचे एक तालुक्याचे गाव होते. म्हणून तेथील उद्रेकाचे स्पष्टीकरण केवळ पुण्यातील पुढाऱ्यांच्या लेखणीत शोधणे अपुरे ठरते. आजाऱ्याला घरातून ओढून नेले जाणे, स्त्रियांची परपुरुषाकडून तपासणी होणे आणि मृताचे अंत्यसंस्कार रीतीप्रमाणे न होणे, या गोष्टी कोणत्याही गावाला असह्य होत्या.

रोगाची झळही तितकीच खरी होती. नाशिकजवळील भगूर येथे १८९९ मध्ये दामोदरपंत सावरकर प्लेगने मृत्युमुखी पडले. कुटुंबातील इतरांनाही लागण झाली आणि मागे राहिलेली मुले नाशिकला आली. विनायक दामोदर सावरकर यांच्या आत्मकथनात हा काळ नोंदलेला आहे. अशा असंख्य घरांची नोंद मात्र कोठेही राहिली नाही.

उपायांची शास्त्रीय फेरतपासणी

या टप्प्यावर एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. जे उपाय सक्तीने लादले गेले ते शास्त्रीयदृष्ट्या कितपत उपयुक्त होते? पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक असल्याचे प्रयोगाने दाखविले; परंतु बहुतेक तज्ज्ञांनी ते मान्य केले नाही. १९०५ पासून परळ येथील प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने हा सिद्धान्त पक्का झाला. गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला थेट होत नाही. त्यामुळे ज्यावरून दंगली झाल्या ते रुग्णांचे व नातेवाइकांचे सक्तीचे विलगीकरण हा या रोगापुरता दुबळा उपाय होता.

याउलट, 'उंदीर पडू लागले' की गाव सोडून माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहायचे, ही पद्धत ग्रामीण भागात लोकांनी झपाट्याने अंगीकारली. घर सोडणे म्हणजे उंदीर व पिसवा यांच्यापासून दूर जाणे होते. लोकांना पिसवेचा सिद्धान्त ठाऊक नव्हता. पण उंदरांचे मरण आणि माणसांचे मरण यांतील क्रम त्यांच्या ध्यानात आला होता. म्हणजेच सर्वांत परिणामकारक ठरणारा उपाय हाच लोकांना सर्वांत कमी जाचक वाटणारा उपाय होता.

लसीकरणाची कथाही हेच सांगते. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला लस टोचून घेऊन लोकांसमोर उदाहरण ठेवले. १८९८-९९ च्या प्लेग आयोगाच्या सुमारास सक्तीचे धोरण सैल होत गेले आणि ऐच्छिक लसीकरणास प्राधान्य मिळाले. मात्र १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे दूषित लसीमुळे १९ जण धनुर्वाताने मरण पावले आणि मोठ्या कष्टाने मिळविलेल्या विश्वासास तडा गेला. विश्वास निर्माण होण्यास वर्षे लागतात; तो गमावण्यास एक दूषित बाटली पुरते.

१८९७ चा कायदा आणि वर्तमान

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने हाच १८९७ चा कायदा लागू केला. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षेची तरतूद केली. ही तरतूद आवश्यकच होती; परंतु विलगीकरणात ठेवलेल्या व्यक्तीचे अधिकार, निर्बंधांची कालमर्यादा, माहिती देण्याचे शासनाचे दायित्व यांविषयी या दुरुस्तीनेही मौन पाळले. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात २०२० च्या उन्हाळ्यात साथीने गंभीर रूप धारण केले, तेव्हा दाट वस्तीच्या त्या शहरात केवळ बंदोबस्तावर भागणार नव्हते. स्थानिक डॉक्टर व समाजातील मान्यवर यांना सोबत घेणे अपरिहार्य ठरले. सव्वाशे वर्षांपूर्वी सिन्नरने दिलेला धडा याच जिल्ह्यात पुन्हा गिरवावा लागला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, प्लेगकाळातील लोकांचा विरोध हा सरसकट अज्ञानाचा परिणाम नव्हता. लादलेल्या काही उपायांची उपयुक्तता खरोखरच मर्यादित होती. दुसरा, लोकांचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि शास्त्र यांची सांगड जेथे पडली तेथे प्रतिबंध यशस्वी होण्याची शक्यता वाढली. तिसरा, शासनास अधिकार देणारा परंतु कर्तव्ये न सांगणारा कायदा साथीच्या काळात अविश्वासाला खतपाणी घालतो.

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. अफाट जनसमुदाय, पाणी, मलनिस्सारण आणि साथरोगांवरील देखरेख यांचे नियोजन २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानेही अटळ आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. आरोग्यशास्त्राचे आणि इतिहासाचे अध्यापक यांनी एकत्र येऊन नगरपालिकांच्या जुन्या मृत्युनोंदी, तालुक्यांची दप्तरे आणि वृद्धांच्या आठवणींतील प्लेगकथा यांचे संकलन केल्यास एक मोलाचे अभ्याससाधन उपलब्ध होईल. साथरोगविषयक कायद्याची फेररचना करताना, कोणत्या उपायाला लोकांनी दार उघडले आणि कोणत्या उपायाला ते लावून घेतले, हे त्या साधनातून धोरणकर्त्यांना तपासता येईल.