मॅट्रिक, नॉनमॅट्रिक

कुठलाही फॉर्म भरताना 'शिक्षण' हा रकाना आला की आजी म्हणायची, "नॉनमॅट्रिक लिही." 1946 साली तिचं गणित राहिलं, त्याच वर्षी लग्न झालं आणि परत परीक्षेला बसणं राहूनच गेलं. आम्हा सगळ्या नातवंडांचं संस्कृत तिनेच करून घेतलं. पण चारचौघांत शिक्षणाचा विषय निघाला की ती हळूच उठून स्वयंपाकघरात जायची.

परवा या 'मॅट्रिक'चं मूळ शोधत बसलो. लॅटिनमध्ये 'मॅट्रिक्युला' म्हणजे नोंदवही, नावांची यादी. मॅट्रिक्युलेशन म्हणजे त्या यादीत नाव चढणं. बस्स, एवढंच! ऑक्सफर्डमध्ये आजही नव्या विद्यार्थ्यांना विद्यापीठात दाखल करून घेण्याच्या समारंभाला हाच शब्द आहे. स्पॅनिशमध्ये 'मात्रिकुला' म्हणजे शाळा-कॉलेजातला प्रवेश, आणि गाडीची नंबरप्लेटसुद्धा! दक्षिण आफ्रिकेत मात्र मॅट्रिक म्हणजे बारावी.

मग आपल्याकडे त्याची परीक्षा कशी झाली? 1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. तेव्हा आत कोणाला घ्यायचं हे ठरवायलाही परीक्षा हवी. पहिली मॅट्रिक 1859 साली झाली. त्यात उत्तीर्ण झालेले महादेव गोविंद रानडे 1862 साली बी.ए.च्या पहिल्या तुकडीत होते. म्हणजे मॅट्रिक हे विद्यापीठाचं दार होतं, शाळेचा शेवट नव्हे.

पण कॉलेजात जाणारे मूठभर. बाकीच्यांना मॅट्रिकच्या जोरावर कारकुनी मिळायची, मास्तरकी मिळायची. त्यामुळे दाराचाच मुक्काम झाला. मुंबई इलाख्यात 1949 पासून एस.एस.सी. बोर्डाची परीक्षा आली, तरी लोक अकरावीला मॅट्रिकच म्हणत राहिले. 1975 साली दहावीची एस.एस.सी. आली, तरी शब्द गेला नाही. 'पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप'मध्ये तो आजही ठाण मांडून आहे.

गंमत म्हणजे यात 'नॉनमॅट्रिक' हा शब्द आपण तयार केला. मूळ अर्थ धरला तर नॉनमॅट्रिक म्हणजे जिचं नाव विद्यापीठाच्या वहीत नाही अशी व्यक्ती. यात अशिक्षित कुठे आलं? कमीपणा कुठे आला? एका वहीत नाव नव्हतं म्हणून आजी साठ वर्षं स्वयंपाकघरात जात राहिली.

हे तिला सांगायला हवं होतं. आता ती नाही. तिच्या ट्रंकेत संस्कृतच्या पुस्तकाखाली 1946 ची परीक्षेच्या नंबराची चिठ्ठी सापडली, चार घड्या घातलेली. तिने ती फेकली नव्हती.

असो. तुमच्या घरी कोण होतं नॉनमॅट्रिक?