मद्यमुक्तीच्या सभांचा पूर्वेतिहास

ज्युबिलीच्या स्मरणग्रंथात मंदिराच्या पायाभरणीचा, घंटांचा व दिवंगत धर्मगुरूंचा वृत्तांत यावा, हे योग्यच होय. परंतु ज्या घरांतील सायंकाळची जपमाळ कर्त्या पुरुषाच्या मद्यपानामुळे बंद पडली, त्या घरांचा वृत्तांत कोणी लिहीत नाही. असे एखादे घर नाही, असा गाव विरळा. म्हणून त्या घरांच्या उपयोगी पडेल असा एक इतिहास आम्ही येथे थोडक्यात सादर करितो.

मद्यपानाविरुद्ध ख्रिस्तसभेचे जुने शस्त्र म्हणजे शपथ. आयर्लंडात कॉर्क शहरी कपुचिन संघाचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १० एप्रिल १८३८ रोजी संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ आरंभिली आणि लक्षावधी लोकांनी त्यांच्यापुढे शपथ घेतली. तथापि १८४५ पासूनच्या घोर दुष्काळानंतर व १८५६ साली फादरांच्या निधनानंतर ती ओसरली. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८४० साली सहा मद्यपींनी एकत्र येऊन एक मंडळ काढिले. तेही वेगाने वाढले, पण नाना वादांत गुंतून काही वर्षांतच मोडले. शपथ घेणे उत्तमच. परंतु दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाय गुत्त्याकडे वळू लागले असता शपथ घेणारा एकटाच असतो. हा एकटेपणा मोडावा कसा, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर १९३५ साली ओहायो प्रांतातील अॅक्रन शहरी सापडले. न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे शेअरबाजारात वावरणारे गृहस्थ काही महिन्यांपूर्वीच मद्यापासून सुटले होते. अॅक्रन येथील व्यवहार फसल्याने खिन्न होऊन ते हॉटेलात उभे असता, शेजारच्या मद्यगृहातील गलबला त्यांच्या कानी येत होता. आपण पुन्हा पडणार, हे त्यांनी ओळखिले. आणि पेल्याकडे न जाता, बोलावयास दुसरा मद्यपी मिळावा म्हणून धर्मोपदेशकांना टेलिफोन केले. त्यातून १२ मे रोजी डॉक्टर बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याची भेट घडली. डॉक्टर पंधरा मिनिटेच बसणार होते. ते काही तास बसले! कारण समोरचा मनुष्य उपदेश करीत नव्हता, तर स्वतःचीच कहाणी सांगत होता. डॉक्टरांनी १० जून रोजी शेवटचा पेला घेतला. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या मंडळाचा स्थापनादिन मानितात.

त्या काळी मद्यपी रुग्णास इस्पितळे सहसा थारा देत नसत. अॅक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात रुग्णनोंदणी पाहणाऱ्या सिस्टर इग्नेशिया या आयरिश धर्मभगिनीने डॉक्टर बॉब यांच्या विनंतीवरून ऑगस्ट १९३९ मध्ये असा एक रुग्ण पोटाच्या विकाराच्या नावाखाली दाखल करून घेतला. पुढे हजारो आले. निरोप देताना सिस्टर प्रत्येकास येशूच्या पवित्र हृदयाचे पदक देत आणि बजावीत, की पुन्हा पिण्याची इच्छा झालीच, तर प्रथम हे पदक मला परत आणून द्यावे.

१९४० च्या हिवाळ्यात सेंट लुईसहून येशूसंघी फादर एडवर्ड डाउलिंग बिल विल्सन यांस भेटावयास गेले. मंडळाच्या बारा पायऱ्या आणि संत इग्नासीची आध्यात्मिक साधना यांतील साम्याने ते चकित झाले होते. विल्सन यांना मात्र त्या साधनेची माहितीच नव्हती! विल्सन कधी कॅथोलिक झाले नाहीत. तरी त्या दोघांचा स्नेह फादरांच्या मृत्यूपर्यंत टिकला.

हे मंडळ १९५७ साली मुंबईस आले. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्रे येथील माउंट कार्मेल मंदिराच्या आवारात ‘कृपा फाउंडेशन’ आरंभिले. पुण्यास १९८६ साली डॉक्टर अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ स्थापिले.

आता प्रत्यक्ष सभेविषयी. तेथे फी नाही व नोंदवहीत आडनाव लिहावे लागत नाही. मद्य सोडण्याची इच्छा, एवढीच अट. काही सभा केवळ मद्यपींसाठी, तर काही सर्वांसाठी खुल्या असतात. घरच्या मंडळींसाठी १९५१ पासून ‘अल-अॅनॉन’ ही निराळी संघटना आहे. मद्यपी येवो वा न येवो, पत्नीने तेथे अवश्य जावे. जवळची सभा कोठे भरते हे मंडळाच्या कार्यालयाकडून, व्यसनमुक्ती केंद्राकडून अथवा धर्मगुरूंकडून कळू शकते. एक सभा रुचली नाही, तर दुसरीकडे जावे. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असे नाही. ऐकले तरी पुरे. मात्र अनेक वर्षे नित्य पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास कंप, भ्रम व झटके येऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. म्हणून प्रथम वैद्याचा सल्ला घ्यावा.

कोणी म्हणेल, पापनिवेदनाचे संस्कार असता सभेची गरज काय? आमचे उत्तर असे, की संस्कार क्षमा देतो आणि सभा त्या क्षमेने उठलेल्या मनुष्यास उद्याच्या दिवसापर्यंत सोबत करिते. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावयाची नाही.

धर्मग्रामातील बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे. बाप्तिस्म्याच्या वा लग्नाच्या मांडवात नको म्हणणाऱ्यास पेल्याचा आग्रह करू नये. सभेसाठी कोणी खोली मागितल्यास ती आनंदाने द्यावी; आणि त्या दारातून कोण आत गेला, हे पाहण्यासाठी कोणी खिडकीशी उभे राहू नये.