इराणी करंडक

इराणी करंडक : रणजी करंडक स्पर्धेचा विजेता संघ आणि उरलेल्या राज्य-संघांतून निवडलेला ‘शेष भारत’ संघ यांच्यातील पाच दिवसांचा प्रथम श्रेणी क्रिकेट सामना. निकाल लागला नाही तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजयी ठरतो. रणजी स्पर्धेला 25 वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने 1959-60 च्या हंगामात तो प्रथम खेळला गेला आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या स्थापनेपासून त्याच्याशी निगडित असलेले, पुढे त्याचे अध्यक्ष झालेले झेड. आर. इराणी यांचे नाव त्याला देण्यात आले.

निवडक खेळाडूंचा सामना भरवण्याची प्रथा अनेक खेळांत आढळते आणि तो हवा की नको हा वादही तितकाच जुना आहे. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघटनेने (हा फुटबॉल हाताने, अंगावर धावून जाऊन खेळायचा असतो, भारतात समजला जाणारा नव्हे) आपला असा सामना, ‘प्रो बोल’, 2023 पासून मूळ स्वरूपात बंद केला. दुखापत ओढवून घेण्यास कोणी राजी नव्हते, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला अडवून पाडणे हा त्या खेळाचा प्राणच त्या सामन्यातून नाहीसा झाला होता. त्याच्या जागी कमरेला लावलेली पट्टी ओढून चाल थांबवण्याचा सौम्य प्रकार आणि काही कौशल्य-चढाओढी आल्या. त्या सामन्यातील दोन्ही संघ आठवड्यापुरते जमवलेले असत आणि त्यांपैकी एकही कोणत्या गावाचा नसे. इराणी करंडकाची रचना नेमकी येथे वेगळी आहे. त्यात एक बाजू निवडीची असली तरी दुसरी बाजू वर्षभर एकत्र खेळून विजेतेपद मिळवलेल्या, स्वतःचे मैदान आणि स्वतःचा प्रेक्षक असलेल्या संघाची असते, आणि या सामन्याला अर्थ येतो तो त्या दुसऱ्या बाजूमुळे.

‘शेष’ या कल्पनेला भारतीय क्रिकेटमध्ये आधीची परंपरा आहे. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन यांच्या जोडीला 1937 पासून ‘शेष’ नावाचा पाचवा संघ खेळू लागला. 1943-44 मध्ये त्याच्याकडून खेळताना सांगलीच्या विजय हजारे यांनी हिंदू संघाविरुद्ध 387 पैकी 309 धावा एकट्याने केल्या. धर्मावर आधारलेले हे सामने 1946 मध्ये बंद झाले, आणि ते योग्यच झाले. पुढे इराणी करंडकात आलेला ‘शेष’ मात्र धर्माने नव्हे, प्रांताने ठरणारा आहे.

मुंबईने 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग 15 वेळा रणजी करंडक जिंकला, त्यामुळे पहिली अनेक वर्षे इराणी सामना म्हणजे व्यवहारात मुंबई विरुद्ध उरलेला देश असाच होता. सुरुवातीला तो हंगामाच्या अखेरीस होई. 1965-66 पासून तो हंगामाच्या आरंभी घेण्याची पद्धत पडली आणि ती जवळपास अर्धशतक टिकली. या काळात निवड समितीला तो परीक्षेसारखा वापरता येत असे, कारण नव्या हंगामातील कसोटी संघ ठरण्याआधी देशातील उत्तम गोलंदाजी आणि उत्तम फलंदाजी एका मैदानावर समोरासमोर येई. नोव्हेंबर 1989 मध्ये मुंबईत दिल्लीविरुद्ध शेष भारताकडून खेळताना सचिन तेंडुलकरने नाबाद 103 धावा केल्या. दुसऱ्या टोकाला हाताला दुखापत झालेल्या गुरशरण सिंगने उभे राहून त्याचे शतक पूर्ण होऊ दिले. सामना दिल्लीने मोठ्या फरकाने जिंकला, तरी लोकांना आठवते ती ही भागीदारी, आणि प्रदर्शनी म्हणवणाऱ्या सामन्यात मोडक्या हाताने कोणी फलंदाजीला येत नाही.

इंदूर आणि हा करंडक यांच्यातील संबंध बराचसा चुकामुकीचा आहे. इंदूर संस्थानाचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या आश्रयाने उभा राहिलेला होळकर संघ 1941-42 ते 1954-55 या काळात रणजी स्पर्धेत खेळला, 10 वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि 1945-46, 1947-48, 1950-51 व 1952-53 असा चार वेळा विजेता ठरला. नागपूरला जन्मलेले कर्नल सी. के. नायडू त्याचे कर्णधार होते. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड हे त्याचे आधारस्तंभ होते, आणि 1944-45 च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून मुंबईविरुद्ध नाबाद 249 धावा करून गेला. म्हैसूरविरुद्ध इंदुरात 1945-46 मध्ये या संघाने 8 बाद 912 धावा केल्या व एकाच डावात सहा फलंदाजांची शतके झाली. विजेता विरुद्ध उरलेला देश अशा सामन्यासाठी याहून शोभेल असा संघ त्या काळात क्वचितच होता. परंतु संस्थानी संघ विसर्जित होऊन मध्य भारत व पुढे मध्य प्रदेश असे संघ आले, त्यानंतर काही वर्षांनी इराणी करंडक सुरू झाला. होळकर संघाला तो कधीच खेळता आला नाही.

मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळाला तो जून 2022 मध्ये, बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मुंबईला सहा गडी राखून हरवून. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित 1998-99 मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते, आणि या वेळच्या विजयात इंदूरच्या रजत पाटीदारचे शतक निर्णायक ठरले. या विजेतेपदाचा इराणी सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर व्हायचा होता. परंतु धर्मशाळा येथील मैदानाचा पृष्ठभाग तयार नसल्याने भारत-ऑस्ट्रेलिया तिसरी कसोटी फेब्रुवारी 2023 मध्ये ऐनवेळी इंदूरला देण्यात आली आणि इराणी सामना ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर गेला, म्हणजे होळकरांच्या शहरातून शिंद्यांच्या शहरात. दोन्ही सामने 1 मार्चला सुरू झाले. इंदूरची कसोटी तिसऱ्याच दिवशी सकाळी ऑस्ट्रेलियाच्या विजयाने संपली आणि तिच्या खेळपट्टीवर टीका झाली. ज्याला जागा सोडावी लागली तो सामना मात्र पाचव्या दिवसापर्यंत चालला. शेष भारताने तो 238 धावांनी जिंकला. यशस्वी जयस्वालने 213 व 144 अशा धावा करून एकाच इराणी सामन्यात द्विशतक आणि शतक करणारा पहिला फलंदाज होण्याचा मान मिळवला, आणि जुलैमध्ये वेस्ट इंडीजमध्ये कसोटी पदार्पणातच 171 धावा केल्या.

हा करंडक कालबाह्य झाला असे म्हणणाऱ्यांना खरा पुरावा याच सामन्यात सापडतो, पण तो खेळात नाही, तारखेत आहे. मध्य प्रदेश मार्च 2023 मध्ये ‘विजेता’ म्हणून उतरला तेव्हा पुढची रणजी स्पर्धा संपून सौराष्ट्र विजेता झालेला होता, आणि त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मध्य प्रदेश होळकर स्टेडियमवरच बंगालकडून हरलेला होता. त्याआधी ऑक्टोबर 2022 मध्ये सौराष्ट्राने 2019-20 च्या विजेतेपदाचा सामना खेळला, कारण मार्च 2020 मधील तो सामना महासाथीमुळे होऊ शकला नव्हता. विजेता आणि त्याचा सन्मान यांच्यात इतके अंतर पडले की सन्मानाचे हिशेबाची थकबाकी फेडण्यात रूपांतर होते. आघाडीचे खेळाडू राष्ट्रीय संघात असल्याने दोन्ही संघ अपुरे असतात हा दुसरा आक्षेप खरा आहे, पण त्यात दोष कमी आणि उपयोग अधिक आहे. मोकळ्या झालेल्या जागांवरच जयस्वालसारखे खेळाडू दिसतात.

स्वतःच्या मैदानावर, विजय ताजा असताना सामना मिळाला की काय घडते हे विदर्भाच्या उदाहरणातून कळते. विदर्भाने पहिला रणजी करंडक 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरच्याच होळकर स्टेडियमवर दिल्लीला नऊ गडी राखून हरवून मिळवला आणि मार्चमध्ये नागपुरात, घरच्या मैदानावर, वसीम जाफरच्या 286 धावांसह 7 बाद 800 धावा करून पहिल्या डावातील आघाडीवर इराणी करंडक जिंकला. पुढच्या वर्षीही तो राखला. देशांतर्गत क्रिकेटमधील दुलीप करंडकाची रचना वारंवार बदलली गेली आणि देवधर करंडक 2023 नंतर भरला नाही, अशा काळात इराणी सामना रद्द न करता विजेतेपदानंतरच्या एका निश्चित आठवड्यात, विजेत्याच्या गावी बांधून देणे एवढीच सुधारणा पुरेशी आहे. कसोटी आली म्हणून तो हलवण्याची सवय मात्र मोडली पाहिजे.

ऑक्टोबर 2025 मध्ये विदर्भ पुन्हा विजेता म्हणून नागपुरात उतरला, शेष भारताचे नेतृत्व इंदूरच्या रजत पाटीदारकडे होते, आणि विदर्भाने तो सामना 93 धावांनी जिंकला.